ताटाला कशाला भ्यायचं?

वजनकाट्याशी माझा संबंध नोकरीमुळे आला. पुसद तालुक्यात मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. माळपठारावरच्या तांड्यांपासून शेंबाळपिंपरीकडच्या गावांपर्यंत दर महिन्याला लेकरांची वजनं व्हायची. अंगणवाडीच्या आढ्याला, नाहीतर दारातल्या कडुनिंबाच्या फांदीला तबकडीचा काटा टांगायचा, खाली कापडी झोळी अडकवायची आणि लेकरू त्यात बसवायचं. लेकरू रडायचं, पाय झाडायचं, काटा थरथरत राहायचा. आईचं लक्ष मात्र लेकराकडे नसायचं, तबकडीकडे असायचं. "बाई, काटा समोर सरकला का?" एवढंच ती विचारायची. मागच्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅम वाढले असं सांगितलं की लेकराला उचलून आधी त्याचा मुका घ्यायची.

निवृत्तीनंतर मी पुसद शहरातच राहते. इथे आता कितीतरी घरांत वजनकाटा आहे. काचेचा, पलंगाखाली सरकवून ठेवलेला. सकाळी उठायचं आणि चहाही न घेता त्यावर उभं राहायचं. आकडा उतरला तर दिवस चांगला, नाही उतरला तर दिवसभर स्वतःवर राग. लग्नात कोणी भेटली की आधी "किती सुटलीस गं" नाहीतर "छान बारीक झालीस" म्हणायचं आणि मग लेकराबाळांची खुशाली विचारायची, ही आता रीतच झाली आहे.

वजन कमी कसं करायचं हे सांगण्यासाठी मी लिहायला बसले नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. माझी काळजी वेगळी आहे. पोषणाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे ताटात काही नाही म्हणून झुरणारी माणसं मी पाहिली, आणि आता समोर भरलेलं ताट असून त्याला भिणारी माणसं पाहते आहे. ही दुसरी भीती घराघरांत शिरली आहे, आणि ती आजार वाटत नाही म्हणून जास्त घातक आहे.

आमच्या गल्लीत एक मुलगी राहायची, बारावीत शिकणारी. तिची आई एका संध्याकाळी माझ्याकडे आली. "ताई, पोरगी जेवूनच नाही रायली." मुलीने मोबाइलवर बघून आधी पोळी सोडली, मग भात, मग रात्रीचं जेवण. घरात सुरुवातीला कोणी रागावलं नाही, उलट मावशीने, मैत्रिणींनी कौतुकच केलं. काही महिन्यांत पाळी चुकायला लागली, केस गळायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली. आणि रात्री सगळे झोपले की ती स्वयंपाकघरात जाऊन डब्यातला चिवडा, बिस्किटांचा पुडा, जे सापडेल ते एका बैठकीत संपवायची, मग रडायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून उपाशी राहायची. आई म्हणाली, "हिच्या जिभेला ताबाच नाही." रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८ च्या आसपास निघालं. तिच्या वयाच्या मुलीचं ते निदान १२ हवं.

ताबा नसण्याचा यात काही संबंध नव्हता. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं, आणि ही गोष्ट शास्त्राला ऐंशी वर्षांपासून ठाऊक आहे.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा जेवतं कसं करायचं हे समजून घ्यायचं होतं, म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वखुशीने त्यात उतरले. आधी काही आठवडे त्यांना पोटभर, म्हणजे दिवसाला ३,२०० कॅलरींच्या आसपास जेवण मिळालं. त्यानंतर सहा महिने ते जवळपास निम्म्यावर, १,५७० कॅलरींवर आणलं. बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी, तेही दिवसातून दोनदा. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. पण प्रयोग लक्षात राहिला तो त्यांच्या मनाचं जे झालं त्यामुळे. ही धडधाकट मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, अन्नाची स्वप्नं पाहू लागली, ताटल्या चाटू लागली, छोटासा घास तासभर पुरवू लागली. स्वभाव चिडका झाला, गप्पा नकोशा झाल्या, मैत्रिणीही नकोशा झाल्या. प्रयोग संपून पोटभर अन्न मिळायला लागलं तेव्हा काही जण पोट दुखेपर्यंत जेवत होते आणि तरी भूक भागली असं त्यांना वाटत नव्हतं.

मी त्या मुलीच्या आईला हा प्रयोग सगळा सांगितला. १,५७० कॅलरींवर एवढं झालं, आणि आज मोबाइलवर १,२०० कॅलरींचे तक्ते सर्रास फिरतात. वाढत्या वयाच्या मुली ते पाळतात. रात्री स्वयंपाकघरात शिरणारी मुलगी हावरी नव्हती. तिचं शरीर जगायची धडपड करत होतं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मी तिला किती बोलली जी."

त्यांना मी उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. घरात दोनच गोष्टी पाळायला सांगितल्या. तिन्ही वेळचं जेवण सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखं, आणि तिच्या अंगावरून कोणी चांगलं नाही की वाईट नाही, एक शब्द काढायचा नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण गेली. आजीला राहवायचं नाही. सावकाश, बऱ्याच महिन्यांनी, रात्रीचं खाणं थांबलं. मुलगी आता अमरावतीला शिकते.

विदर्भात आहाराची चर्चा तशी नवी नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार व्याख्यानांतून दिवसातून दोनदाच जेवा असं सांगत असत. २००४ मध्ये ते अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तीच मांडणी महाराष्ट्रभर पोहोचवली. दोन वेळा जेवण, प्रत्येक वेळचं ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या भागात पिकतं ते खा, तुपाला घाबरू नका, असं सांगितलं. २०१८ च्या सुमारास हा वाद इतका रंगला की पुसदसारख्या गावातही लोक "मी दीक्षित करतो", "मी दिवेकर करते" असं बोलू लागले. दोन्हींत घेण्यासारखं आहे असं माझं मत आहे. मधल्या वेळचं चहा-बिस्किट सुटल्यामुळे ज्यांची साखर आटोक्यात आली असे लोक मला भेटले आहेत, आणि कित्येक वर्षांनी पुन्हा भाकरीवर तूप घेऊ लागलेल्या बायकाही भेटल्या आहेत. मला खटकलं ते घरात जे झालं ते. नवऱ्याची एक पद्धत, सुनेची दुसरी, सासूची चतुर्थी, मुलाची जिममधली प्रोटीन पावडर. एका स्वयंपाकघरात चार तऱ्हा, आणि सगळ्यांनी एका वेळी बसून जेवायचं बंद. भूक लागली की नाही हे माणूस पोटाला विचारेनासा झाला, घड्याळाला विचारू लागला. पावडरीचं म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्नायू वाढवण्यासाठी असल्या पावडरी टाळाव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे.

आता वजनाबद्दल. बारीक माणूस निरोगी आणि जाड माणूस आजारी, हा समज इतका पक्का आहे की त्याला कोणी हात लावत नाही. त्याला हात लावला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. दोघेही तक्त्याप्रमाणे योग्य वजनाचे. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्याला हा फरक कळतच नाही. बीएमआयचं मूळ सूत्रही कोण्या वैद्याने रुग्णांसाठी काढलेलं नाही. ते एकोणिसाव्या शतकातल्या आदोल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं आहे, आणि त्याला लोकसमूहाचा अभ्यास करायचा होता. त्याला बीएमआय हे नाव देऊन १९७२ मध्ये रूढ केलं ते मिनेसोटाच्या त्याच ॲन्सेल कीज यांनी.

याज्ञिकांचं काम मला जवळचं वाटतं ते आणखी एका कारणाने. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हातापायांनी काटकुळी, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. अशी बाळं पुढे मोठेपणी मधुमेहाकडे लवकर झुकतात. म्हणजे चाळिशीतल्या माणसाच्या साखरेची गोष्ट त्याच्या आईच्या ताटापासून सुरू होते. त्याच गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली जन्माला आली.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या कापूस वेचणाऱ्या बायका आल्या. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की सकाळी स्वयंपाक उरकून, फडक्यात भाकर, ठेचा नाहीतर कांदा बांधून त्या शेतात जातात. संध्याकाळी परत येऊन चूल. आधी म्हातारे, मग लेकरं, मग घरधनी. भाजी संपलेली असते, वरणाचं पाणी उरतं. बाई ताट घेतच नाही, भांड्यातच भाकर कुस्करते. गृहभेटीला गेले की मी विचारायची, "काय जेवली?" उत्तर ठरलेलं, "जेवली की." काय जेवली ते तिला सांगता यायचं नाही, कारण त्याची नोंद ठेवावी असं तिला कधी वाटलंच नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. त्यात शेतमजूर बायकाही आहेत आणि काचेच्या काट्यावर उभ्या राहणाऱ्याही. एकीची भूक परिस्थितीने दाबली, दुसरीने स्वतःहून दाबली. भूक लागली की जेवावं आणि त्यासाठी कोणाची माफी मागू नये, ही साधी गोष्ट दोघींनाही कोणी शिकवली नाही.

माझं माहेर पैनगंगेपलीकडचं, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातलं. १९७२ च्या दुष्काळात मी प्राथमिक शाळेत होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची. तिथे सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आणायची आणि आम्ही भावंडं चिमूट चिमूट खायचो. स्वस्त धान्याच्या दुकानात अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकर थापली की तुटायची. त्या वर्षी राज्याचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, पुसदजवळच्या गहुलीचे. राज्य धान्याच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभं राहावं हा त्यांचा ध्यास होता, आणि संकरित ज्वारीचा प्रसार त्यांच्याच काळात झाला. त्यांच्या जन्मदिवशी, १ जुलैला, आपण कृषिदिन पाळतो. ज्या पिढीने मिलोची भाकर खाल्ली तिला अन्नाची भीती कधी वाटली नाही, अन्न संपण्याची वाटली. माझी आई शेवटपर्यंत ताटात पडलेलं शीत उचलून तोंडात टाकायची. म्हणून माझ्यासमोर कोणी पुरणपोळीचा तुकडा कॅलरी मोजत बाजूला सारला की मला दुःख होतं.

त्याच पुसद तालुक्यात आज शेतं सोयाबीनने आणि कापसाने भरलेली आहेत, मध्ये तुरीच्या ओळी. कापूस तर खाता येत नाही, आणि सोयाबीन तेलाच्या कारखान्यात जातं, त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. शेतकऱ्याच्या ताटात थेट येणारं पीक उरलं ते तुरीचं. ज्वारी वावरातून गेली. तिला भाव नव्हता, पाखरं राखायला माणूस मिळत नव्हता, अशी कारणं शेतकरी सांगतात आणि ती खरी आहेत. रेशनवर गहू-तांदूळ मिळाला, तोही २०२३ पासून फुकट, मग रोजची भाकर जाऊन पोळी आली. ज्वारी आता दुकानातून विकत आणायची वस्तू झाली. जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, तुरीच्या सोल्यांची आमटी, हे सगळं आमच्या घरांत रोजचं होतं, आता आठवणीने करायचं झालं आहे. तेव्हा शहरातला आहारतज्ज्ञ "भरडधान्य खा" म्हणतो तेव्हा त्याने हेही बघावं की ते पिकवायचं कुणी थांबवलं आणि का. एकट्या बाईच्या निग्रहावर हे सुटणार नाही.

आपल्या जेवणात धान्य फार आणि बाकी कमी, हे मात्र खरं आहे. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शनात म्हटलं आहे की धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये. आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के असते. ही दुरुस्ती करायची तर पोळी हिरावून घ्यायची गरज नाही. शेजारी काहीतरी जास्त वाढायचं. वरण घट्ट करायचं, भाजी दुप्पट घ्यायची, शेंगदाण्याचा कूट, दही, जमत असेल तर अंडं. मी बायकांना "हे सोडा" असं सांगणंच बंद केलं आहे. "हे वाढवा" असं सांगते. सोडायला सांगितलेल्या पदार्थाभोवती मन दिवसभर घुटमळतं. वाढवायला सांगितलेला पदार्थ पोट भरतो आणि बाकीची ओढ आपोआप कमी होते.

उपवासाबद्दल मला नेहमी विचारलं जातं. श्रद्धेने उपवास करणाऱ्या कोणाही बाईला मी अडवलं नाही. पण सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि मधल्या दिवसांत डाएट, असं केलं तर पोटभर जेवायचा दिवस कोणता राहतो? साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च आहे. उपवास करायचा तर भगर, शेंगदाण्याची आमटी, दही, फळ असं नीट जेवून करा. आणि उपवास देवासाठी असेल तर दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहू नका.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या एकत्र करून केलेली भाजी, ज्वारीची आंबील, कढी, वडे, पुरणपोळी. आहारशास्त्राच्या कुठल्या तज्ज्ञाने ताट मांडलं असतं तरी यापेक्षा फार वेगळं मांडता आलं नसतं. हे जेवण वर्षातून एकदा येतं. ते सावकाश, गप्पा मारत, दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवावं. "उद्या दोन फेऱ्या जास्त मारीन" असं म्हणत जेवलेली पोळी अंगीही लागत नाही आणि मनालाही लागत नाही. चालायला जावं ते चालणं आवडतं म्हणून, झोप चांगली लागते म्हणून, पाय मजबूत राहतात म्हणून. जेवणाची शिक्षा म्हणून चाललेली माणसं फार दिवस चालत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

भूक ओळखणं पुन्हा शिकावं लागतं. ज्यांनी ती वर्षानुवर्षं दाबली त्यांना सुरुवातीला ती कळतच नाही, एकदम चक्कर किंवा राग येतो तेव्हा कळते. म्हणून आधी वेळेवर जेवायचं, भूक वाटो न वाटो. शरीराची अन्न मिळेल अशी खात्री पटली की भूक आपली वेळ आपण सांगायला लागते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटं जातात. मोबाइल बघत पाच मिनिटांत उरकलेल्या जेवणात तो निरोप ऐकूच येत नाही. एवढ्यासाठी तरी फोन बाजूला ठेवावा.

ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, किडनीचा किंवा थायरॉइडचा आजार आहे त्यांनी माझं ऐकून औषध-पथ्य सोडायचं नाही. त्यांचं जेवण डॉक्टरांनी ठरवायचं. वजन थोडं उतरल्याने साखर सुधारते, गुडघ्यांना आराम पडतो, हेही मी नाकारत नाही. पण ते उतरणं चांगल्या जेवणातून, झोपेतून, हालचालीतून यावं आणि मोजायचं असेल तर बाकीचंही मोजावं. हिमोग्लोबिन किती, तीन महिन्यांची सरासरी साखर किती, कमरेचा घेर किती. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत तो असावा असं मानतात. पाळी वेळेवर येते का, जिना चढताना दम लागतो का, रात्री झोप लागते का, जेवणाचा विचार डोक्यातून जातो का. या प्रश्नांची उत्तरं चांगली असतील तर दोन किलो इकडे की तिकडे याने काही बिघडत नाही.

मुलगी जेवताना कारणं सांगून उठत असेल, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊन उलटी काढत असेल, चोरून खात असेल, पाळी थांबली असेल, तर "नखरे" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. मन मोकळं करायला सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. जिमला जाणारा मुलगा घरचं जेवण सोडून डब्यातली पावडर खात असेल तर त्याच्याशीही बसून बोला.

माझी विनंती पुसद परिसरातल्या बचत गटांच्या ताईंना, महिला मंडळांना आणि शाळेतल्या शिक्षकांना आहे. वजन घटवण्याच्या स्पर्धा घेऊ नका. शाळेत तपासणी होते तेव्हा मुलींची वजनं वर्गासमोर मोठ्याने वाचू नका. दर आठवड्याची लोहाची निळी गोळी मुली जेवण झाल्यावर खरंच गिळतात का तेवढं बघा. गटाच्या बैठकीला एकदा हिमोग्लोबिन तपासायला आरोग्यसेविकेला बोलवा आणि ज्यांचं कमी निघेल त्यांच्या घरी जाऊन बोला, नवऱ्याशी आणि सासूशीही, कारण बाईचं ताट सगळ्यांबरोबर लागायचं तर ते त्यांनाही पटायला हवं. ज्यांच्याकडे वावर आहे त्यांनी चार ओळी ज्वारीच्या आणि बांधावर थोडी अंबाडी घरापुरती टाका. पहिला पाऊस पडून गेला की माळावर तरोटा उगवतो, कोवळा असतानाच तो खुडायचा असतो. यंदा तो आणा, लसूण घालून परता, आणि भाकरीबरोबर सगळ्यांनी एकत्र बसून जेवा.